पायथॉनचं जुनं रेजेक्स इंजिन काढून नवं बसवावं का?

हळदपेठ (सांगली) · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न छोटा आहे, प्रस्तावना लांब. सांभाळून घ्या.

मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांसाठी मी एक प्रोग्राम चालवतो. शेतकरी, टेम्पोवाले, दुकानातले दिवाणजी आपापल्या भाषेत व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतात. 'पाटील तासगाव बेदाणा ४० पेटी.' 'उद्या हळदीचे १२ पोते येत्यात.' त्यातून नाव, गाव, माल आणि नग वेगळे काढून सौद्याआधी यादी तयार ठेवायची, एवढंच काम. सगळा डोलारा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'आरई' मॉड्यूलवर उभा आहे, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात रेजेक्स) वापरून मजकुरात ठरावीक साचा, पॅटर्न, शोधणाऱ्या इंजिनावर.

(इथे कोड टाकला की तिरक्या रेघा गायब होतात, म्हणून बॅकस्लॅश डब्ल्यू, बॅकस्लॅश बी (म्हणजे शब्दाची कड) असं उच्चारूनच लिहितोय.)

तक्रार एक. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे शब्दातलं अक्षर. त्याला 'सांगली' दिलं की हातात दोन तुकडे येतात: 'स' आणि 'गल'. काना, वेलांटी, अनुस्वार यांना तो अक्षर समजतच नाही. गेली चार वर्षं मी याच्याभोवती ठिगळं लावतोय.

तक्रार दोन. गेल्या गुरुवारी ऐन सौद्याच्या वेळी कुणाच्या तरी नातवाने फोनवर 'म' दाबून धरला आणि तो मेसेज गेला. चाळीसेक 'म', मध्ये जागा नाही. सर्व्हर तिथेच बसला. दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राहिलं.

एका मित्राने मॅथ्यू बार्नेट यांचं 'रेजेक्स' नावाचं मॉड्यूल सुचवलंय. वेगळं इंजिन आहे, वरून दिसायला आरईसारखंच. बदलू का? आणि दुसरं, ते इतकं चांगलं असेल तर पायथॉननेच आत का घेतलं नाही? तशी मागणी २००८ पासून नोंदवलेली आहे म्हणे.

---

भडंगप्रेमी · सोमवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. 'स' आणि 'गल' वाचून भडंग नाकात गेलं.

---

पुण्यातला_सातारी · सोमवार, रात्री १०:१५

'सातारा' काय देतं?

---

हळदपेठ · सोमवार, रात्री १०:१८

'स', 'त', 'र'. तुमच्या जिल्ह्याचे तीन तुकडे, आमच्याचे दोनच. :)

---

पुण्यातला_सातारी · सोमवार, रात्री ११:०३

आत्ता बसून दोन्ही जिल्ह्यांचे एकवीस तालुके त्यातून काढले. कराडचं 'कर', 'ड'. मिरजेचं 'म', 'रज'. वाईचं 'व', 'ई'. खटावचं 'खट', 'व'. अख्खे उरले फक्त दोन: फलटण आणि जत. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, म्हणून वाचले.

---

भडंगप्रेमी · सोमवार, रात्री ११:०५

आयला, जतला पहिल्यांदाच काहीतरी अख्खं मिळालं.

---

माहुलीकर (सातारा) · मंगळवार, सकाळी ६:३०

पहाटे उठायची सवय आहे, म्हणून पहिला मोठा प्रतिसाद माझा.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पायथॉनने इंजिन कधी बदललंच नाही, असं नाही. आजवर निदान दोनदा बदललंय. सुरुवातीच्या काळात जे मॉड्यूल होतं त्याचं नावच 'रेजेक्स' होतं! ईमॅक्स एडिटरच्या धाटणीचं, कंस लिहायचा तरी आधी बॅकस्लॅश. मग १.५ आवृत्तीत 'आरई' आलं, ते फिलिप हेझल यांच्या पीसीआरई लायब्ररीवर बसवलेलं, पर्ल भाषेच्या वळणाचं. त्यानंतर २००० साली २.० आली. तिच्यात फ्रेडरिक लुंड यांनी लिहिलेलं नवं इंजिन आलं, कारण युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांमधला मजकूर, हाताळायचा होता. 'आरई' हे नाव तेच राहिलं, आतली मोटर बदलली. लोकांना फारसं कळलंही नाही. ते जुनं 'रेजेक्स' मात्र नको नको म्हणत २.५ पर्यंत डब्यात राहिलं आणि मग काढलं.

म्हणजे आज बाहेरून येऊ पाहणाऱ्याचं नाव घरातल्या वारलेल्या आजोबांचंच आहे.

आता हे नवं आत का आलं नाही? माझं मत सांगतो. लुंडांच्या वेळी पायथॉन वापरणारे किती आणि आज किती! तेव्हा मोटर बदलताना चार नटबोल्ट सांडले तरी चालत होतं. आज एखाद्या पॅटर्नचं उत्तर एका अक्षराने बदललं तर कुठल्या बँकेचं काय थांबेल, सांगता येत नाही. शिवाय जे आत येतं ते पायथॉनच्या वेळापत्रकाने चालतं. बाहेर असलं की बार्नेटसाहेब मनात येईल तेव्हा नवी आवृत्ती काढतात. युनिकोड दरवर्षी वाढतं, त्याच्याबरोबर राहायचं तर हेच सोयीचं. आणि पायथॉनच्या अधिकृत माहितीत आरईच्या पानावरच लिहिलंय की युनिकोड जास्त नीट हवं असेल तर बाहेरचं रेजेक्स बघा. शेजाऱ्याकडे जेवायला पाठवतात, पण पत्ता स्वतःच देतात.

---

जुना_पीएचपीवाला · मंगळवार, सकाळी ९:१२

माहुलीकर काका, +१. इंजिन बदलण्याचा मार आम्ही खाल्लाय. पीएचपी भाषेत रेजेक्सची दोन कुटुंबं होती, 'ईरेग' आणि 'प्रेग'. ५.३ मध्ये ईरेग वापरू नका असं सांगितलं, २००९ ची गोष्ट. कोण ऐकतंय? २०१५ च्या डिसेंबरात ७.० आली आणि ईरेग गायब. मी तेव्हा एका कॉलेजचं हजेरीचं पान सांभाळत होतो. होस्टिंगवाल्याने रात्रीत आवृत्ती बदलली, सकाळी पांढरं पान. शेकडो ठिकाणी ईरेग. नुसतं नाव बदलून भागत नाही, प्रेगमध्ये पॅटर्नच्या दोन्ही टोकांना खुणा लागतात. त्या आठवड्यात हजेरी कागदावर घेतली. प्राध्यापक खूश होते, ते सोडा.

---

मुक्ता_वाई · मंगळवार, सकाळी ११:४०

हळदपेठ दादा, तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आजारांच्या आहेत. एका गोळीने दोन्ही जाणार नाहीत.

'म'वाला मेसेज का अडकला? तुमचा पॅटर्न साधारण असा असणार: 'अक्षरं एक किंवा जास्त, मग हवी तर मोकळी जागा', हा अख्खा गट पुन्हा 'एक किंवा जास्त वेळा', आणि शेवटी काहीतरी ठरावीक, समजा आकडा. चाळीस 'म' असतील तर मध्ये एकोणचाळीस फटी. प्रत्येक फटीत कापायचं की नाही, दोन पर्याय. म्हणजे दोनाचा एकोणचाळिसावा घात, जवळपास पंचावन्न हजार कोटी. शेवटी आकडा नाहीच, म्हणून बिचारं इंजिन यातला प्रत्येक प्रकार करून बघतं.

माझ्या ताईच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना मला हे नीट कळलं. गणपती आळीत एकच माणूस सायकलवर पाठवला आणि सांगितलं की 'कुठल्यातरी बोळाच्या टोकाला जोशी राहतात', तर तो एका बोळात शिरणार, शेवटपर्यंत जाणार, नाही सापडले की मागच्या चौकात परत येणार, दुसरा बोळ धरणार. आरई असंच करतं, रेजेक्सही असंच, पर्ल, जावा, रुबी सगळी याच वळणाची. दुसरी पद्धत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच छापली होती: प्रत्येक चौकात जितके बोळ तितकी पोरं सोडायची, सगळी एका वेळी एकेक पाऊल पुढे. आणि मुख्य अट, दोन पोरं एकाच चौकात भेटली तर एकाने घरी जायचं. त्यामुळे पोरं कधीच चौकांपेक्षा जास्त होत नाहीत. चाळीस 'म' असोत की चार हजार, काम तेवढ्याच प्रमाणात वाढतं.

मग सगळे असंच का करत नाहीत? कारण पॅटर्नमध्ये 'मघाशी जो शब्द आला तोच परत हवा' अशी अट घातली की प्रत्येक पोराच्या डोक्यात वेगळी आठवण असते. दोघं एका चौकात भेटली तरी कुणालाच घरी पाठवता येत नाही.

---

भडंगप्रेमी · मंगळवार, दुपारी १२:०५

मुक्ताताई, जोशी सापडले का शेवटी?

---

मुक्ता_वाई · मंगळवार, दुपारी १२:११

सापडले. आहेरात घड्याळ दिलं. त्या लग्नातलं सातवं घड्याळ.

---

पुण्यातला_सातारी · मंगळवार, दुपारी २:३०

मुक्तांशी पूर्ण सहमत, आणि म्हणूनच रेजेक्सला माझा विरोध. बदलायचंच तर गूगलचं आरई-२ घ्या. रस कॉक्स यांनी लिहिलेलं, २०१० पासून सगळ्यांना खुलं, थॉम्पसनच्या पोरांवर चालणारं. गो भाषेतलं इंजिनही त्याच घराण्यातलं.

हे नुसतं पुस्तकी नाही. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या (साइटना संरक्षण देणारी कंपनी) एका नव्या नियमातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनने त्यांच्या जगभरच्या मशीनचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेले आणि सत्तावीस मिनिटं असंख्य साइट बंद. त्यानंतर त्यांनी ठरवलं की इंजिनच बदलायचं, आरई-२ किंवा रस्ट भाषेतलं. त्याच्या आधी २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट चौतीस मिनिटं झोपली होती. कुणाच्या तरी मजकुरात ओळीने वीस हजार मोकळ्या जागा होत्या आणि कडेच्या जागा छाटणारा साधासा पॅटर्न वीस कोटींच्या घरात तपासण्या करत बसला. तिथे दुहेरी गटही नव्हता!

---

हळदपेठ · मंगळवार, दुपारी ३:१०

ताई, पॅटर्न अगदी तुम्ही म्हणालात तसाच आहे. शेवटी आकडा. कॅमेरा लावलाय का माझ्याकडे?

सातारी साहेब, पण आरई-२ मध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ ना? मग मराठीचं काय? 'स' आणि 'गल' तरी मिळत होतं, तेही जाईल.

---

पुण्यातला_सातारी · मंगळवार, दुपारी ३:२५

हो. तिथे अक्षर आणि चिन्ह असे युनिकोडचे वर्ग हाताने लिहावे लागतात. कबूल, मान खाली घालतो.

---

सदाशिवगड (कऱ्हाड) · मंगळवार, रात्री ८:५०

इंजिन इंजिन करताय, पण डिझेलमध्येच पाणी आहे त्याचं काय? आमच्या गावाचंच नाव घ्या. कुणी 'कराड' लिहितं, कुणी 'कऱ्हाड'. इथपर्यंत ठीक, दिसायलाच वेगळं आहे. पण 'कऱ्हाड'सुद्धा आतून दोन प्रकारे येतं. एकात खालच्या टिंबाचा 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्याच्या मागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. 'शेतकऱ्यांची', 'दऱ्या', 'खोऱ्यात', सगळीकडे तीच गत.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं की सगळं एक होईल असं मला वाटायचं. होत नाही. 'ऱ' हे एक अक्षर आणि 'र' अधिक टिंब, एवढं एक होतं. जोडचिन्हवालं तसंच राहतं. मी शेवटी एक ओळ लिहिली: मजकूर आत घेतानाच जोडचिन्हवाला प्रकार 'ऱ्'मध्ये बदलायचा. एक ओळ. कुठलंही इंजिन हे तुमच्यासाठी करणार नाही.

---

आयर्विन_४५ · मंगळवार, रात्री १०:२०

थोडं अवांतर, पण थोडंच.

२०१९ च्या पुरात आम्ही चारपाच जणांनी पाणीपातळीचे मेसेज गोळा करायची स्क्रिप्ट केली होती. आयर्विन पुलाला चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांना पाठ असतं. मेसेज यायचे 'आयर्विन ४३.६'. पायथॉनने देवनागरी आकडे बिनबोभाट वाचले, बॅकस्लॅश डी त्याला चालतो आणि संख्येत बदलायलाही काही वेगळं लागत नाही. पण मोबाइलवरचं पान जावास्क्रिप्टमध्ये होतं. तिथे बॅकस्लॅश डी म्हणजे फक्त इंग्रजी आकडे. पान कोरं. रात्री दोनला लोकांना वाटलं पाणी मोजायचंच बंद केलं.

आणि सगळ्यात मोठी चूक इंजिनाची नव्हतीच. ४३.६ म्हणजे त्रेचाळीस फूट सहा इंच. आम्ही दशांश समजून आलेख काढत होतो. एका काकांनी फोन करून झापलं: "अरे, ४३.११ नंतर ४४ येतं, तुमचं पाणी उतरलेलं कसं दिसतंय?"

---

माहुलीकर · बुधवार, सकाळी ६:१५

त्या काकांना नमस्कार.

---

मुक्ता_वाई · बुधवार, सकाळी १०:००

आत घेणं आणि बाहेर ठेवणं यावरून फायरफॉक्सची गोष्ट आठवली. त्यांनी २०१४ मध्ये आधीचं सोडून क्रोमचं, म्हणजे व्ही-८ मधलं इर्रेजेक्सप इंजिन आणलं. आणलं आणि आपल्या घराला बसेल असं कापलं. तिकडे मूळ इंजिन पुढे जात राहिलं, इकडचा तुकडा तिथेच. शेवटी २०२० मध्ये, फायरफॉक्स ७८ ला, मूळ इंजिन पुन्हा ताजं आणलं. या वेळी त्याला हात न लावता मध्ये फक्त एक पातळ थर ठेवला, म्हणजे पुढचे बदल सरळ आत घेता येतात. मागे वळून बघण्याची सोय, नावाचे गट, हे सगळं त्यांना तेव्हा एकदम मिळालं.

रुबीनेही १.९ मध्ये ओनिगुरुमा घेतलं आणि २.० मध्ये त्याचीच शाखा, ओनिग्मो. म्हणजे बदलता येतं. फक्त घेतल्यावर ते आपलं मूल होतं, ताप आला तर आपणच जागायचं.

---

चौकस_कोरेगाव · बुधवार, दुपारी १:१५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

---

भडंगप्रेमी · बुधवार, दुपारी १:१७

कोरेगावकर, काय लिहिलं होतं? चार तुकडे झाले म्हणून काढलं का? :)

---

जुना_पीएचपीवाला · बुधवार, दुपारी ४:४०

रेजेक्सची एक गंमत कुणी सांगितली नाही. त्यात 'एक चूक चालेल' असं सांगून शोधता येतं. 'पाटील' शोधलं तर 'पाटिल'ही सापडतो, 'कुलकर्णी'बरोबर 'कुळकर्णी'. व्हॉट्सॲपच्या शुद्धलेखनाला रामबाण.

---

सदाशिवगड · बुधवार, संध्याकाळी ५:०५

आणि 'माने' शोधले की 'साने', 'मोने' दोघंही हजर. पट्टीचे पैसे सान्यांच्या खात्यावर गेले की मान्यांना रामबाण कुठे बसतो ते कळेल.

---

जुना_पीएचपीवाला · बुधवार, संध्याकाळी ५:०९

शब्द मागे घेतो. गावांच्या नावांपुरतं वापरा. आडनावांना नको.

---

हळदपेठ · शनिवार, रात्री ११:३०

उशिरा लिहितोय, पण हातात काहीतरी घेऊन आलोय.

मुक्ताताई, आधी तुमचा आजार. पॅटर्नमधला तो गटातला गट काढला. मोकळी जागा असेल तरच पुढचा शब्द, असं सरळ लिहिलं. चाळीस 'म' आता डोळ्याची पापणी लवायच्या आत नापास होतात. इंजिन तेच, जुनं. शोधता शोधता हेही कळलं की ३.११ पासून आरईमध्येच 'एकदा घेतलं की परत द्यायचं नाही' अशी खूण मिळते, म्हणजे सायकलवाल्याला मागच्या चौकात यायची बंदी. तीही एके ठिकाणी वापरली.

मग रेजेक्स बसवलं. वर फक्त एक ओळ बदलायची. 'सांगली' अख्खी आली, 'शेतकऱ्यांची' अख्खं आलं. मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "चार वर्षं काय करत होता?"

पण नवं लगेच चालू करायला धजावलो नाही. गेल्या हंगामाचे सगळे मेसेज जुन्या आणि नव्या इंजिनातून शेजारीशेजारी चालवले आणि जिथे फरक तेवढंच छापलं. बेदाण्याचं ठीक. गुळाचं ठीक. हळद मात्र निम्म्याहून जास्त गायब!

तासभर डोकं खाजवलं. माझा नियम होता: शब्दाची कड, 'हळद', शब्दाची कड. मेसेज असतात 'हळदीचे १२ पोते'. जुन्या इंजिनाला 'दी'ची वेलांटी अक्षर वाटत नव्हती, म्हणून 'द'पाशी शब्द संपला असं समजून ते 'हळद' पकडायचं. 'हळदीचे', 'हळदीला', 'हळदीची', सगळं सापडायचं. मला वाटायचं मी फार हुशारीने लिहिलंय. नव्याला वेलांटी अक्षर कळते, मग त्याच्या दृष्टीने 'हळद' इथे संपतच नाही. बरोबर तेच आहे, आणि माझी यादी रिकामी.

आणि याची उलट बाजू. दोन वर्षांपूर्वी 'बेदाणा'च्या नियमातून मी शब्दाची कड काढून टाकली होती. शेजारी माझीच टिप्पणी आहे: 'ही लावली की काहीच सापडत नाही, का ते कळत नाही.' आत्ता कळलं. 'बेदाणा' संपतो काना घेऊन, कान्याच्या पुढे मोकळी जागा. जुन्याच्या मते दोन्ही अक्षरं नाहीत, मग कड कुठली?

---

माहुलीकर · रविवार, सकाळी ६:०५

हळदपेठ, पायथॉनने आत का घेतलं नाही, त्याचं उत्तर तुम्हीच काढलंत की. तुमच्या एका प्रोग्राममध्ये एवढं निघालं. बाकीच्यांच्या प्रोग्राममध्ये असल्या किती हळदी लपल्या असतील!

---

पुण्यातला_सातारी · रविवार, सकाळी ९:३०

पटत नाही काका. या न्यायाने चुकीचं ते कायम चुकीचंच ठेवायचं. बॅकस्लॅश डब्ल्यू रोमन लिपीबाहेर उपयोगाचा नाही ही तक्रारही पायथॉनकडे २००७ पासून नोंदलेली आहे. इंग्रजीतली अक्षरं अशी तुटली असती तर इतकी वर्षं थांबले असते का? काना-मात्रेला अक्षर मानणं ही चैन नाही. निदान मागितली तर मिळेल अशी खूण तरी आत द्या.

---

माहुलीकर · रविवार, सकाळी ९:५५

हे मात्र खरं. खुणेला माझाही पाठिंबा. मुकाट्याने बदलायला विरोध.

---

मुक्ता_वाई · रविवार, सकाळी ११:२०

दादा, मग आता काय ठरलं?

---

हळदपेठ · रविवार, दुपारी १२:४५

रेजेक्स घेतलं, पण मालांची नावं विभक्तीसकट नियमात लिहून: हळद, हळदी, बेदाणा, बेदाण्या, गूळ, गुळा. (गुळाने दोन्ही इंजिनांना फसवलं असतं, तिथे दीर्घाचा ऱ्हस्व होतो.) सदाशिवगडांची एक ओळ सगळ्यात आधी चालते. शोधाला दोन सेकंदांची मुदत घातली, रेजेक्समध्ये ती सोय आहे. मुदत संपली तर मेसेज बाजूला पडतो आणि दिवाणजी डोळ्यांनी वाचतात. दोन्ही इंजिनं अजून महिनाभर शेजारीशेजारी चालतील, फरक रोज सकाळी माझ्या फोनवर.

आज सकाळी एकच फरक आला. 'हळदीकुंकू आहे, दुकान ४ ला बंद.' जुन्याने हळदीचे चार नग मांडले होते.

---

भडंगप्रेमी · रविवार, दुपारी १२:४९

भाव काय निघाला?